त्यांच्या भाषेत चार खोल्या

१

शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला मी ऐंशी माणसांना गप्प बसवते. एकोणतीस वर्षं हेच काम. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचं इथे एक सांस्कृतिक केंद्र आहे. त्या केंद्रात त्यांच्या भाषेची परीक्षा होते आणि ती पास झाल्याशिवाय तिकडे नोकरीला जाता येत नाही. मी त्या परीक्षेची पर्यवेक्षिका.

इमारत त्यांच्याच काळातली. या हॉलमध्ये पूर्वी साहेबलोक नाचायचे म्हणे. लाकडी जमिनीवर टाचांचे बारीक खड्डे अजून आहेत, त्यांवरच आम्ही टेबलं मांडलीत. येणाऱ्यांत बहुतेक नर्सच असतात. तिकडे म्हातारे फार झाले आणि त्यांना उठवायला-बसवायला माणसं नाहीत. इकडे माणसं आहेत, नोकऱ्या नाहीत. दोन्ही सरकारांनी बसून करार केला. त्या दिवशी तिकडचे मंत्री आमच्या हॉलमध्ये भाषणाला उभे राहिले आणि हसून म्हणाले, "आमचं दार तुम्हाला सदैव उघडं आहे." मी शेजारी उभ्या शिपाईकाकांना अर्थ सांगितला.

काका म्हणाले, "आपलं बंद होतं तरी हे आत आले होते, ते नाही सांगितलं?"

परीक्षेतला मला आवडणारा भाग म्हणजे ऐकण्याचा. तिकडून लाखेचा शिक्का मारलेलं पाकीट येतं, त्यात एक सीडी असते. मी सगळ्यांसमोर पाकीट फोडते, सीडी यंत्रात सरकवते, बटण दाबते. मग चाळीस मिनिटं हॉलमध्ये तिकडचं जग पसरतं. रेल्वेच्या घोषणा, दवाखान्यातल्या गप्पा, कुणाचं तरी भाडेकरूशी बोलणं. उंच खिडक्यांतून ऊन सरकत असतं, ऐंशी मुंड्या खाली, पेन्सिली कुरकुरतात. मला त्या वेळी जागेपणी झोपल्यासारखं वाटतं. एकोणतीस वर्षांत त्या झोपेतून मला कशानेच उठवलं नव्हतं.

२

त्या शनिवारी तिसऱ्या भागात एक तरुण माणूस आपल्या घराबद्दल सांगत होता. असे उतारे नेहमीच असतात. तो सांगत होता की दाराशी तीन पायऱ्या आहेत, मधली फुटली तेव्हा वडिलांनी तिथे दुसऱ्या रंगाचा दगड बसवला.

मी मान वर केली. आमच्याही मधल्या पायरीचा दगड वेगळा आहे.

आता पायऱ्या काय, कुणाच्याही फुटतात. मी पुन्हा मान खाली घातली. पण तो पुढे बोलत राहिला. मधल्या खोलीत भिंतीत फडताळ आहे, त्याचं खालचं दार आधी वर उचलावं लागतं, मग ओढावं लागतं. आणि आकडा बोलायच्या आधी तो दातांतून बारीक श्वास ओढत होता. तिकडचा उच्चार अगदी घोटीव, कुठे एक काना-मात्रा चुकीचा नाही, पण तो श्वास तिकडचा नव्हता. आकडे बोलताना असा श्वास मी आयुष्यात एकाच माणसाचा ऐकला होता. माझ्या थोरल्या भावाचा.

दादा तिकडे गेला त्याला तीस वर्षं झाली. तेव्हा त्यांना कारखान्यांत माणसं हवी होती. आधी पानापानाची पत्रं आली, मग अर्ध्या पानाची, मग नुसती छापील कार्डं. शेवटच्या दोन कार्डांवर सहीसुद्धा त्यांच्या लिपीत होती. त्यानंतर काहीच नाही. आम्ही केंद्रात, वकिलातीत, सगळीकडे चौकशा केल्या. असा माणूस आमच्या नोंदीत नाही, एवढंच उत्तर.

"फडताळाशेजारी एक दार आहे," दादाचा आवाज म्हणाला. श्वास ओढला. "ती चौथी खोली."

मग सीडीवरची नेहमीची बाई बोलली, "प्रश्न एकविसावा. या घराला किती खोल्या आहेत?"

ऐंशी जणांनी चार लिहिलं.

आमच्या घराला खोल्या तीन.

३

ते घर वडिलांनी बांधलं. साहेब गेल्यावर दुसऱ्याच वर्षी. त्याआधी एका साहेबाच्या घरी ते माळीकाम करायचे आणि त्यांचा नियम असा, की छत्री आणि साहेबाची भाषा दाराबाहेर ठेवायची. दोन्ही घरात आणल्या की जमीन ओली होते, असं म्हणायचे. नवरा गेल्यावर मी लेकीला घेऊन याच घरात परत आले आणि वडिलांच्या मागेही हा नियम पाळत राहिले. पण लेकीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, मग तिच्यापुरता नियम गुंडाळून ठेवला.

लेकीला इस्पितळात सिस्टर म्हणतात, घरात मी ठकी म्हणते. त्या शनिवारी मी घरी पोचले तेव्हा ती मधल्या खोलीत येरझाऱ्या घालत मोठ्याने सराव करत होती. बोलण्याच्या परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो : तुम्ही राहता त्या घराचं वर्णन करा.

मी पर्स खाली ठेवली आणि ऐकलं. पुढची खोली. मधली खोली. स्वयंपाकघर. "आणि फडताळाशेजारची ती चौथी," ठकी त्यांच्या भाषेत म्हणाली, सराईतपणे, जराही न अडखळता. "लहान आहे, पण उजेड चांगला आहे."

"कुठली गं चौथी?" मी आपल्या भाषेत विचारलं.

"काय चौथी?"

"आत्ता म्हणालीस ना. आपल्या घराला खोल्या किती?"

ती माझ्याकडे बघून हसली. "आई, ऊन लागलं का तुला? तीन."

"मग मघाशी चार कशा?"

"मी तीनच म्हणाले."

"पुन्हा सांग बरं. त्यांच्या भाषेत."

ती वैतागली, पण तिने सांगितलं. चार. तिच्या तोंडाकडे मी टक लावून पाहत होते. ती थापा मारत नव्हती. 'चार' म्हणताना तिची नजर फडताळाच्या डाव्या बाजूला जाऊन आली, जशी आपली नजर बोलता बोलता दाराकडे जाते.

तिथे भिंत होती. आणि भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर.

४

मला वेड लागलंय असं म्हणायला मी तयार होते, पण आधी बाकीच्या शक्यता निकालात काढायच्या होत्या. परीक्षा घेऊन घेऊन ही एक सवय लागते.

दुसऱ्या दिवशी मी घराला वळसा घालून मागच्या बोळात गेले. फडताळाच्या मागे काय आहे ते बघायला. बोळ इतका अरुंद, की मांजर गेलं तर शेपूट घासतं. त्या बाजूने भिंतीला शेवाळ होतं आणि एक पाइप. खोली सोडा, तिथे कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा मावली नसती. मी भिंतीची जाडी वितीने मोजली. वीतभर आणि चार बोटं. वीट आणि चुना यांच्यात माणूस राहत नाही.

सोमवारी केंद्राच्या मॅडमना विचारलं. मॅडम तिकडच्या. मृदू बाई, मला कधी अरे-तुरे केलं नाही.

"सीडीवर बोलतात ती माणसं कोण असतात, मॅडम?"

"नट असतात," त्या म्हणाल्या. "आमच्याकडचे. का बरं?"

"एक आवाज ओळखीचा वाटला."

"सगळ्यांनाच वाटतो." त्या छान हसल्या. "आपला इतक्या वर्षांचा घरोबा आहे."

त्या दिवशी त्यांचं हसू मला जरा जास्त वेळ टिकल्यासारखं वाटलं. पण तेही माझ्या मनाचे खेळ असतील.

शिपाईकाकांना त्यांची भाषा येत नाही. परीक्षा चालू असताना ते दाराशी स्टुलावर बसतात. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, "काका, परवा सीडीत एक पोरगा बोलत होता. काही वेगळं वाटलं का?"

"मला काय कळतंय त्यातलं?" काका डबा उघडत म्हणाले. "पण तो मध्ये खाकरला ना, ते खाकरणं आपलं होतं. त्यांची माणसं खाकरताना माफी मागतात."

मग त्यांनी भाकरी मोडली. 

५

गुरुवारी ठकी कामावर होती. दुपारचे अडीच. गल्लीत सगळीकडे सामसूम, कुठेतरी नळ ठिबकत होता. मी मधल्या खोलीत फडताळाकडे तोंड करून खुर्ची मांडली आणि बसले. तीस वर्षं जवळ आली मला ती भाषा बोलायला लागून, पण या घरात तिचा एक शब्द मी तोंडातून काढला नव्हता.

लाज वाटली. वडील पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेत असं वाटलं.

मग मी सुरुवात केली. मी राहते त्या घराला तीन पायऱ्या आहेत. आत आलं की पुढची खोली. माझा आवाज मलाच परका वाटत होता, तरी तो छान होता, हे कबूल करायला हवं. वाक्यं कुठे न अडखळता येत होती, जणू कुणी माझ्या पुढे चालत दिवे लावत होतं. मधली खोली. तिच्यात फडताळ. स्वयंपाकघर. इथे थांबायचं असं मी ठरवलं होतं. पण जिना उतरताना पाय जसा पुढची पायरी आपोआप शोधतो तशी जीभ पुढे गेली.

"आणि चौथी," मी म्हणाले.

दार किलकिलं होतं. ते उघडलं असं झालं नाही. ते आधीपासूनच तसं होतं आणि मी आत्ता तिकडे पाहिलं, इतकंच. कॅलेंडर दाराच्या फळीवर लटकत होतं. आतून उजेड येत होता, पण आमच्या दुपारचा नाही. आमच्याकडे अंग भाजणारं ऊन होतं. तो उजेड दुधट होता, सूर्य कुठे आहे हे न कळणारा. थंड हवा माझ्या घोट्यांना लागली.

फटीतून टेबलाची कड दिसली आणि पाठमोरा माणूस. मान खाली, हातात पेन्सिल. त्याच्या डोक्यात दोन भोवरे होते. आई दादाचं डोकं पुसताना म्हणायची, याला दोन भोवरे, हा दोन घरं करणार. केस काळेभोर होते. तीस वर्षांपूर्वी आम्ही त्याला बंदरावर सोडलं तेव्हा होते तसेच.

मी बोलायची थांबले. त्याचीही पेन्सिल थांबली. त्याने मागे न बघता डावा हात जरासा वर केला. मी हॉलमध्ये घुटमळणाऱ्या पोरींना करते तशी खूण. चालू द्या पुढे.

"दादा," मी आपल्या भाषेत हाक मारली.

समोर भिंत होती. कॅलेंडरचं पान हलत होतं. पंखा बंद होता.

६

त्या संध्याकाळी मी ठकीला सांगितलं की तू जायचं नाही.

तिने शांतपणे बूट काढले. मग म्हणाली, "कारण?"

कारण काय सांगणार? "मामाचं काय झालं ते विसरलीस?"

"मामाने पत्रं टाकली नाहीत. मी रोज फोन करीन."

"तिथे गेलेली माणसं आपली राहत नाहीत, ठके."

"आई," ती माझ्यासमोर बसली. तिचे हात जंतुनाशकाने कायम सोललेले असतात. "माझ्या वॉर्डात चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी. परवा एक आजोबा माझी वाट बघत बघत गेले. मी दुसऱ्या टोकाला होते. मला नीट काम करायचंय. तिथे चार पेशंटांना एक नर्स असते."

"तिथल्या म्हाताऱ्यांना नर्स मिळावी म्हणून इथले—"

"हे तू म्हणतेस?" तिचा आवाज चढला. "एकोणतीस वर्षं तू दुसऱ्यांच्या पोरी पाठवल्यास. त्यांना शुभेच्छा दिल्यास. त्यांच्या आयांचे पेढे खाल्लेस. तेव्हा नाही वाटलं काही?"

हॉलमधल्या सगळ्या खाली घातलेल्या मुंड्या डोळ्यांसमोर आल्या. त्या सगळ्या जणी कुठल्या ना कुठल्या घराचं वर्णन करून गेल्या होत्या. मी त्यांना म्हणत असे, घाबरू नका, डोळ्यांसमोर आपलं घर आणा आणि सांगत जा.

"बरं," मी शेवटी म्हणाले. "पण बोलण्याच्या परीक्षेत घराबद्दल विचारलं तर खोटं सांग. दुसऱ्या कुणाचं घर सांग."

"का?"

"मी सांगते म्हणून."

तिने हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्या हॉलवर नव्हते. नातेवाईक परीक्षेला असेल तर आम्हाला पर्यवेक्षणाला बसता येत नाही. बाहेरच्या बाकावर काकांच्या शेजारी बसून राहिले. बोलण्याच्या परीक्षेची खोली कोपऱ्यात होती. दार बंद, आतून काही कळत नव्हतं. बाहेर आली तेव्हा ती खुशीत होती.

"काय विचारलं?"

"घरच. मी दुसऱ्याचंच सांगणार होते गं. पण परीक्षा घेणाऱ्या बाई इतकं मन लावून ऐकत होत्या." तिने माझा दंड धरला. "तोंडातून आपलंच आलं."

७

ठकी गेली त्याला आता सात महिने होतील. बोलल्याप्रमाणे फोन करते. रोज नाही, पण दर रविवारी, माझ्या जेवणाच्या वेळेला. इस्पितळ चांगलं आहे. थंडी फार आहे. राहायला इस्पितळानेच खोली दिली आहे.

"कशी आहे खोली?" पहिल्याच रविवारी मी विचारलं होतं.

"लहान आहे, पण उजेड चांगला आहे," ती म्हणाली.

मी मधल्या खोलीत, फोनजवळ उभी होते. लांबच्या फोनला आवाज पोचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. आपण बोललो की क्षणभर पोकळी, मग उत्तर. तर ते वाक्य मी दोनदा ऐकलं. एकदा फोनमध्ये. आणि त्याच्या आधी, अर्ध्या श्वासाइतकं आधी, फडताळाच्या डावीकडून. जाड भिंतीतून येतो तसा, दबका.

मी म्हटलं, लाइनमध्ये घुमतंय. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्याही. फोनपेक्षा भिंतीतून तिचा आवाज लवकर पोचतो. तिची खुर्ची सरकल्याचं मी आधी इथे ऐकते, मग तिथून.

तिला मी सांगितलेलं नाही. काय सांगू? पोर तिथे एकटी आहे. एकदा तीच म्हणाली, "आई, माझ्या शेजारी कुणीतरी राहतं वाटतं. भांड्यांचा आवाज येतो भिंतीतून. बरं वाटतं." तेव्हापासून मी भांडी जरा आपटूनच घासते.

दार उघडायला काय लागतं ते मला माहीत आहे. चार-पाच वाक्यं. कितीदा तोंडाशी आली. ती उठेल, चार पावलं चालेल आणि इकडे येईल. पण ते दार किलकिलं झालं तेव्हा थंड हवा कुठल्या दिशेला वाहत होती ते मी घोट्यांवर अनुभवलं आहे. ती बाहेर येणारी हवा होती. तिच्याबरोबर आणखी कोण इकडे येईल आणि आल्यावर परत जाईल का, हे मला माहीत नाही. वडिलांनी हे घर फार कष्टाने बांधलं.

परवाच्या रविवारी ती थकल्यासारखी बोलत होती. मध्येच एका शब्दाला अडली. "ते गं, आई... काय म्हणतात आपल्यात... पाय दुखतात तेव्हा तू दाबतेस, तो भाग..."

"पोटरी."

"हां. पोटरी." तिने तो शब्द परक्या भाषेतला असावा तसा जपून उच्चारला. "विसरलेच होते. थांब हं, एक मिनिट. कुणीतरी आलंय."

फोनमध्ये एकदम शांतता झाली. तिने फोनच्या तोंडावर हात ठेवला असणार. मी कानाचा फोन काढला आणि फडताळाशेजारी जाऊन भिंतीला कान लावला. चुना गार होता.

आत एक पुरुष होता. हळू आवाजात, त्यांच्या भाषेत, त्याने विचारलं, "कोणाशी बोलत होतीस?"

माझ्या लेकीने खुर्ची सरकवली. मग तिनेही त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं. उच्चार अगदी घोटीव, कुठे एक काना-मात्रा चुकीचा नाही.

"कुणाशीच नाही," ती म्हणाली.

ती मला त्याच्यापासून लपवत होती, असं मी स्वतःला सांगते. माझी लेक शहाणी आहे. माझा तिच्यावर विश्वास आहे. मग फोन पुन्हा कानाला लावला तेव्हा तिचा आवाज आला, "हां आई, बोल," आणि मी बोलले. बराच वेळ, आपल्याच भाषेत, अवयवांची नावं एकेक करून घेत राहिले. घोटा, गुडघा, मांडी, कोपर, मनगट. ती माझ्यामागे म्हणत होती. भिंतीतून आधी, फोनमधून नंतर. आणि भिंतीतून, तिच्याही मागे, कुणीतरी खूप वर्षांनी बोलत असल्यासारखं, दातांतून श्वास ओढत, तेच शब्द पुटपुटत होतं.